पडदा उघडायच्या आधी : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळच्या पत्रांत अर्धी पत्रं येऊ घातलेल्या चित्रपटांबद्दल होती, तर उरलेली ट्रंकेतल्या जुन्या कॉमिक्सबद्दल. त्यातली चार निवडली आहेत.

प्रश्न : टोल्किनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधल्या गॉलमच्या, म्हणजे जादूच्या अंगठीने झपाटलेल्या प्राण्याच्या, शोधावर नवा चित्रपट येतोय. त्याआधी टोल्किनचं नेमकं काय वाचू? सगळं परत वाचायला वेळ नाही. एक शंकाही आहे. कथेतला नायक ॲरागॉर्न गॉलमला 1 फेब्रुवारीला पकडतो आणि 21 मार्चला मर्कवुडच्या जंगलात पोहोचवतो. हे 48 दिवस झाले. पुस्तकात पन्नास कसे? (पुणे)

सगळं वाचायची गरजच नाही. हे कथानक चार जागी विखुरलेलं आहे. सुरुवात ‘द रिटर्न ऑफ द किंग’च्या शेवटी असलेल्या परिशिष्ट ‘बी’पासून करा. त्यातल्या 3001 ते 3018 या (कथेतल्या कालगणनेच्या) वर्षांच्या नोंदी एका कागदावर उतरवून घ्या, मग गोंधळ होत नाही. आधीचे चित्रपटच पाहिलेल्यांची गफलत नेमकी इथे होते. पडद्यावर अंगठी आधी ज्याच्याकडे होती त्या बिल्बोचा वाढदिवस आणि त्याचा वारस फ्रोडोचं घर सोडणं लागोपाठ घडल्यासारखं दिसतं. पुस्तकात मध्ये सतरा वर्षं जातात आणि गॉलमचा शोध त्या सतरा वर्षांतला आहे.

पुढे ‘द फेलोशिप ऑफ द रिंग’ घ्या. पहिल्या भागाच्या दुसऱ्या प्रकरणात जादूगार गँडाल्फ गॉलमची पूर्वकथा सांगतो. दुसऱ्या भागाचं दुसरं प्रकरण म्हणजे एलरॉन्डची सभा. गॉलमला कसं धरलं ते तिथे खुद्द ॲरागॉर्न सांगतो आणि गॉलम निसटल्याची बातमी मर्कवुडचा लेगोलास देतो. शेवटी ‘अनफिनिश्ड टेल्स’ (1980), तिसरा भाग, चौथं प्रकरण. सगळ्यात जास्त तपशील इथे सापडतो, पण हे आधी वाचलंत तर नावांच्या जंगलात हरवाल.

आता तुमची शंका. हिशेब तुमचा बरोबर आहे, कॅलेंडर चुकलंय. टोल्किनने तारखा शायरच्या, म्हणजे फ्रोडोच्या मुलखाच्या, पंचांगाने दिल्या आहेत. त्यात बाराही महिने 30 दिवसांचे. वर्षाचे उरलेले पाच दिवस कुठल्याच महिन्यात धरत नाहीत: दोन हिवाळ्यातल्या यूल सणाचे आणि तीन ऐन उन्हाळ्यातले. म्हणजे फेब्रुवारी 30 दिवसांचा, आणि 1 फेब्रुवारी ते 21 मार्च बरोबर पन्नास. तिथी-वाराच्या घोळात वाढलेल्या आपल्या वाचकाला हे पटायला वेळ लागू नये! या पन्नास दिवसांतलं अंतर जवळजवळ 900 मैल, म्हणजे साधारण 1,450 किलोमीटर. रोजचे 29 पडतात. वारी चाललेल्याला या आकड्याचा अर्थ सांगायला नको, आणि इथे तर सोबतीला तोंडात बोळा कोंबलेला, गळ्यात दोर बांधलेला, चावरा कैदी.

प्रश्न : याच चित्रपटासाठी आत्ताच रजा टाकून ठेवू का? (ठाणे)

नका टाकू. मे 2024 मध्ये घोषणा झाली तेव्हा 2026 साल सांगितलं होतं, पुढे ते 17 डिसेंबर 2027 झालं. मार्व्हलचा ‘ॲव्हेंजर्स : डूम्सडे’ही 1 मे 2026 वरून 18 डिसेंबर 2026 वर गेला. अशा चित्रपटांचं चित्रीकरण आटोपलं तरी व्हिज्युअल इफेक्ट्सचं काम पुढे कित्येक महिने चालतं, आणि तारखेची घसरण बहुतेक वेळा तिथेच होते. चित्रीकरण संपल्याची बातमी आली की मन तयार करा. रजेचा अर्ज मात्र आगाऊ बुकिंग उघडल्यावर.

प्रश्न : वडिलांच्या ट्रंकेत मराठी इंद्रजाल कॉमिक्सचे सत्तरेक अंक निघाले, वेताळ (म्हणजे फँटम) आणि जादूगार मँड्रेकचे. पिना गंजल्यात, पानांना कुबट वास येतोय, दोन-तीन अंकांना कसर लागलीय. लॅमिनेट करून टाकू का? (चिपळूण)

लॅमिनेशन अजिबात नको. हलक्या प्रतीचा कागद स्वतःच्याच आम्लाने पिवळा पडत असतो. तो प्लास्टिकमध्ये गरम करून चिकटवला की परत सोडवता येत नाही.

आधी कसरीचे अंक वेगळे काढा. प्रत्येक अंक झिपच्या पिशवीत घालून हवा दाबून काढा आणि उणे 18 अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. साध्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा पुरेसा थंड होईलच असं नाही, थर्मामीटर ठेवून बघा. बाहेर काढल्यावर चोवीस तास पिशवी उघडू नका. लगेच उघडलीत तर हवेतल्या बाष्पाचं थंड कागदावर पाणी होतं आणि कसर गेली तरी बुरशी येते.

बुरशीला ओलं फडकं लावू नका. एन-95 मास्क लावून, घराबाहेर सावलीत, मऊ ब्रशने कोरडीच झटका. उन्हात वाळवायचा मोह टाळा. वास जाईल, पण रंग उडेल आणि कागद पापडासारखा तुटेल.

पिना बाहेरून ओढायच्या नाहीत. अंक मधल्या पानावर उघडा, पिनेचे दुमडलेले पाय बोथट, पातळ पात्याने सरळ करा आणि पाठीकडे हलकेच ढकला. गंज कागदाला चिकटला असेल तर ती पीन तशीच राहू द्या, नाहीतर भोकाभोवतीचा कागद सोबत येतो. जुन्याच भोकांतून स्टेनलेस स्टीलची पीन किंवा सुती दोरा घाला. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. काही वर्षांत टेप गळून पडते आणि तपकिरी डाग मागे राहतो.

पिशव्या पॉलिप्रोपिलीनच्या घ्या, पीव्हीसीच्या नकोत. अंक मोजून पाच-सहा मिलिमीटर मोठ्या घ्या आणि पाठीमागे आम्लरहित पुठ्ठा घाला. दहा-पंधरा अंकांचे आडवे थर करा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. तीस-चाळीस लिटरच्या डब्याला ओलावा शोषणारं शंभर-दीडशे ग्रॅम सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा 45 ते 55 टक्क्यांत हवा. जेल नारिंगी रंगाचं घ्या, ओलं झालं की हिरवं होतं. ते ओव्हनमध्ये 110-120 अंशांवर दोनेक तास तापवलं की परत वापरता येतं. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट असतं, ते स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये नको. डांबरगोळ्याही नकोत. कोकणातल्या जुलै-ऑगस्टमध्ये डबा उघडूच नका, वेताळ गणपतीनंतर भेटेल.

आणि वेताळाच्या देशाचं नाव डेंकाली, चाच्यांचं सिंगा, म्हणून अंक नकली समजू नका. इंग्रजीतली मूळ नावं बंगाल आणि सिंग यांच्याशी जुळत होती, ती इंद्रजालने बदलून घेतली. खरा-खोटा ओळखायचा तर दहापट भिंग घ्या. अस्सल छपाईत अक्षराची काळी कड सलग दिसते. स्कॅन करून छापलेल्या प्रतीत ती ठिपक्यांत फुटलेली असते.

प्रश्न : आयमॅक्सच्या मोठ्या पडद्याचे जास्तीचे पैसे वसूल होतात का? आणि थ्रीडी? (नागपूर)

चित्रपट बघून ठरवा. पडदा 20 मीटर रुंद धरला तर नेहमीच्या 2.39:1 (रुंदी : उंची) चौकटीत चित्राची उंची सुमारे 8.4 मीटर असते, डिजिटल आयमॅक्सच्या 1.90:1 मध्ये 10.5. चित्र सव्वापट झालं, पण चित्रपट त्या चौकटीसाठी तयार केला असेल तरच. नसेल तर वर-खाली काळे पट्टे बघायचे पैसे दिलेत असं समजा. थ्रीडीत चश्म्यामुळे उजेड बराच घटतो, आणि अशा अद्भुत चित्रपटांत गुहा, रात्र आणि धूर काही कमी नसतात. टूडीचा खेळ मिळत असेल तर तोच घ्या. बसायला मागच्या एक तृतीयांशातल्या रांगा, मधोमध.