जुन्या कोंबड्यांत नव्या तलंगा सोडताना

तुम्ही पाच जुन्या कोंबड्यांत दोन नव्या तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, सोडल्या आणि एकीचा तुरा टोचून जखमी झाला. आधी ही जखमी तलंग आजच बाजूला काढा. रक्त दिसलं की बाकीच्या कोंबड्या तिथेच चोच मारत राहतात, मग मूळ भांडण काहीही असो. तुरा मिठाच्या कोमट पाण्याने पुसून घ्या आणि जखम सुकेपर्यंत तिला वेगळं ठेवा. मात्र तिच्या सोबतीला दुसरी नवी तलंगही ठेवा. एकटी राहिली तर परतताना ती पुन्हा एकटीच पडेल.

नव्या दोघींना रात्री अंधारात दांडीवर बसवलं की सकाळी पाच जुन्या कोंबड्यांना फरक कळत नाही, असं तुम्हाला कुणीतरी सांगितलं होतं. तसं नसतं. कोंबड्या एकमेकींना तुऱ्यावरून, चेहऱ्यावरून ओळखतात. उजाडलं की त्यांना परकी लगेच कळते. नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ श्येल्डेरुप-एब्बे यांनी शंभर वर्षांपूर्वी कोंबड्यांमधला मानाचा क्रम लिहून ठेवला: कोण कुणाला टोचते आणि कोण निमूट बाजूला होते. नवीन कोंबडी आली की हा क्रम पुन्हा ठरतो. त्यामुळे थोडी टोचाटोची होणारच, तेवढ्यासाठी मध्ये पडू नका. रक्त निघालं किंवा एकीला कोपऱ्यात दाबून सगळ्या तुटून पडल्या, तरच उचला.

आणल्या आणल्या सोडल्यात, ही खरी चूक झाली. नव्या कोंबड्या तीन-चार आठवडे पूर्ण वेगळ्या हव्यात, भांडी वेगळी, आणि त्यांच्याकडे शेवटी जायचं. रोग अंगात असूनही पक्षी धडधाकट दिसू शकतो. पंखाखाली आणि शेपटीच्या बुडाशी उवा बघा, विष्ठेत रक्त दिसतंय का बघा. आता संपर्क झालाच आहे, तर जुन्या पाचांवरही तेवढे दिवस नजर ठेवा. शिंका, डोळ्यांतून पाणी किंवा मलूलपणा दिसला तर पशुवैद्यांना दाखवा.

त्यानंतर मध्ये जाळी. निदान दोन आठवडे, दिसतील पण चोच पोहोचणार नाही अशी. दोन्ही बाजूंचं खाद्य जाळीलगत ठेवा म्हणजे शेजारी शेजारी खायची सवय लागते. जाळीपाशी धावून जाणं थांबलं की मोकळ्या जागेत रोज तासभर एकत्र सोडा, खुराड्यात नव्हे. लपायला पाटी, ओंडका, झुडूप काहीतरी असू द्या.

सगळ्यात जास्त लक्ष खाण्यावर द्या. माझी एक एकटी आणलेली तलंग अशीच गेली. अंगावर एक ओरखडा नव्हता. जुन्या कोंबड्या तिला भांड्याजवळ फिरकू देत नव्हत्या आणि मी फक्त जखमा शोधत राहिलो. तेव्हापासून खाद्य-पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवतो, एकावरून दुसरं दिसणार नाही अशी. आणि रात्री दांडीवर बसल्यावर प्रत्येक नवीचा गळ्याखालचा फुगवटा चाचपतो. भरलेला असेल तर ती जेवली. सपाट लागला तर दुसऱ्या दिवशी तिला वेगळं खायला घालतो.

तुमच्या तलंगा अजून अंड्यावर आलेल्या नसतील तर लेयर खाद्य, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य, नको, त्यातलं जादा कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडांना बाधतं. सगळ्यांना ग्रोअर, म्हणजे वाढीच्या वयातलं खाद्य, द्या आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत, लागेल ती खाईल.

जुन्या पाचांत एकच फार मारकी असेल तर तिलाच चार दिवस नजरेआड ठेवा. परतल्यावर तिलाच आपली जागा पुन्हा मिळवावी लागते, आणि तोवर नव्या दोघी रुळलेल्या असतात.