श्रीलंकेतल्या कँडीला एकच दिवस आहे. पेरादेनियाचं वनस्पती उद्यान पाहायला दोन तास पुरतील का?

दोन तासांत चालून होईल, पाहून होणार नाही. वडिलांना झाडांची आवड आहे आणि सहलवाल्यांनी चहाचा कारखाना आणि बुद्धाचा दात जपलेलं दंतमंदिर यांच्या मधे हे उद्यान बसवलंय, असं तुम्ही लिहिलंय. माझं ऐकाल तर चहाचा कारखाना गाळा. नुवारा एलिया या थंड हवेच्या गावाच्या वाटेवर तसले कारखाने हवे तेवढे भेटतील.

उद्यान सकाळी साडेसातला उघडतं, तेव्हाच आत शिरा. कँडीहून सहा-एक किलोमीटर आहे. दुपारनंतर तिकडे ढग भरून येतात, ऑक्टोबर-नोव्हेंबरात तर हमखास. इंग्रजांनी १८२१ साली उभारलेली ही १४७ एकरांची बाग महावेली नदीच्या वळणात वसली आहे. रस्ते रुंद आणि बहुतेक सपाट, त्यामुळे वयस्क माणसांनाही चालणं जड जात नाही.

मी आईला घेऊन गेले होते. बहुतेक लोक आधी ऑर्किडकडे धावतात. आम्ही मसाल्याच्या झाडांकडे वळलो आणि तिथेच रेंगाळलो. जायफळाचं फळ पिवळट, जर्दाळूएवढं. पिकलं की उकलतं आणि आतल्या काळपट बीवर लालभडक जायपत्री लपेटलेली दिसते. दर पाडव्याला श्रीखंडात जायफळ किसणाऱ्या आईने ओली जायपत्री पहिल्यांदाच पाहिली, आणि तिथून तिचा पाय निघेना. दालचिनी तर मूळची याच बेटावरची.

मग माडांच्या जातींसाठी निवांत वेळ ठेवा. काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारा दर्यायी नारळ ज्या झाडाला लागतो, ते इथे उभं आहे. ते मूळचं फक्त हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवरचं. नर-मादी झाडं वेगळी, फळ पिकायला सहा-सात वर्षं लागतात आणि बी साऱ्या वनस्पतींत सर्वांत जड. सेशेल्सचा पत्ता लागण्याआधी ती बी मालदीवच्या किनाऱ्याला वाहत यायची, म्हणून हे झाड समुद्राच्या तळाशी वाढतं असा समज होता. फकिरांचा काळा भिक्षेचा कटोरा याच्याच करवंटीचा. श्रीताडही नक्की शोधा. कित्येक दशकं नुसता वाढतो, एकदाच डोक्यावर प्रचंड तुरा फुलवतो, फळं पिकली की मरतो. श्रीलंकेतल्या जुन्या बौद्ध पोथ्या याच्याच पानांवर लिहिल्या आहेत.

पाहुण्यांनी लावलेल्या झाडांत पुढे इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज झालेल्या राजपुत्राने १९०१ साली लावलेला कैलासपती आहे. झाड दक्षिण अमेरिकेतलं, पण फुलात आपल्याला नागफणीखालची पिंड दिसते, आणि श्रीलंकेत तेच फूल बुद्धाला वाहतात. मला हे फार आवडलं. वडिलांना आवर्जून दाखवा.

नदीकाठचा महाबांबू आणि उंच झाडांवर लटकलेली मोठी वटवाघळं चालता चालता दिसतातच, त्यांच्यासाठी वेगळी पायपीट नको. ऑर्किडगृह ऊन चढल्यावर पाहिलं तरी चालतं, वर छप्पर आहे.

चारपर्यंत बाहेर पडा. दंतमंदिरातली संध्याकाळची पूजा साडेसहाला असते, तिला आरामात पोचाल. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे सकाळीच घालून निघा, म्हणजे मधे हॉटेलवर जायला नको.