मोसंबीच्या सालीचा वास टिकवायचा कसा?

प्रश्न : ताई, नमस्कार. आमची मोसंबीची बाग आहे. पाहुणेरावळे आले की घरीच रस निघतो आणि टोपलीभर साली उरतात. त्या गच्चीवर कडक उन्हात वाळवल्या, पुरचुंड्या बांधून कपाटात साड्यांमध्ये ठेवल्या. पंधरवड्यात वास गेला, वर दोन पुरचुंड्यांना बुरशी आली. विकतचं अत्तर न घालता वास टिकेल का?
— एक वाचक भगिनी, अंबड (जि. जालना)

उत्तर : टिकेल. अत्तराची काही गरज नाही. तुमचं काम बिघडवलं ते उन्हानं. सालीचा वास असतो वरच्या हिरव्या-पिवळ्या पापुद्र्यातल्या तेलात. ताजी साल दिव्याच्या ज्योतीजवळ दुमडून पिळून बघा, बारीक फवारा उडतो आणि चटचट पेटतो. तेच ते तेल. ते नुसत्या हवेनंही उडतं, मग मार्च-एप्रिलच्या उन्हात गच्चीवर काय उरणार? आतला पांढरा मऊ भाग मात्र स्पंजसारखा पाणी धरून बसतो. साल वरून कडक लागते, पण आत ओल तशीच असते. बुरशी तिथूनच येते.

म्हणून रस काढायच्या आधीच मोसंबी धुऊन, पुसून, बटाट्याच्या सोलाण्यानं वरचा पातळ पापुद्रा काढून घ्या. पांढरं जितकं कमी येईल तितकं चांगलं. सुपात सुती कापड पसरून घरातच सावलीत ठेवा. आपल्याकडची हवा पावसाळा सोडला तर चांगली कोरडी, तीन-चार दिवसांत साल वाळते. मोडताना कट्‌ आवाज आला पाहिजे. नुसती वाकली तर अजून राहू द्या. पावसाळ्यात मात्र या फंदात पडू नका.

आता वास टिकण्याचं. मोसंबी, संत्रं, लिंबू, सगळ्यांचा वास हलका आणि उडून जाणारा. त्याला जड वासाची सोबत लागते. परदेशी कृतींमध्ये त्यासाठी ऑरिस रूट, म्हणजे आयरिसच्या वाळवलेल्या मुळाची पूड सांगतात. ती शोधत बसू नका, आपल्याकडे वाळा आहे, वेखंड आहे. वाळ्याचा वास फार सावकाश उडतो, म्हणून अत्तरं करणारेही त्याचा आधार घेतात. उन्हाळा संपला की माठातली वाळ्याची जुडी आपण फेकून देतो. ती धुऊन खडखडीत वाळवा आणि कात्रीनं बारीक कापा. वास मेला असं वाटलं तरी एक काडी ओल्या बोटांत चुरगाळून बघा. कूलरच्या ताटीतला वाळा मात्र नको. बोअरच्या पाण्याचे क्षार त्यात बसलेले असतात आणि कुबटपणा काही केल्या जात नाही.

आणखी एक फुकटची वस्तू तुमच्याच रानात असणार : लव्हाळा. खुरपून खुरपून जीव नकोसा करणारं तण, पण त्याच्या मुळांना काळपट गाठी असतात. त्या धुऊन, वरची केसं काढून, वाळवून ठेचल्या की उटण्याचा वास येतो. नागरमोथा त्याच कुळातला. तणनाशक मारलेल्या रानातल्या गाठी घेऊ नका, एवढं पाळा.

चार मुठी चुरलेल्या सालीला एक मूठ वाळा, दोन चमचे वेखंड पूड, सात-आठ ठेचलेल्या लवंगा आणि दालचिनीचा तुकडा. लव्हाळ्याच्या गाठी मिळाल्या तर त्याही घाला. सगळं काचेच्या कोरड्या बरणीत भरून, झाकण घट्ट लावून, फडताळात अंधारात तीन आठवडे ठेवा, रोज एकदा हलवा. सुरुवातीला वेखंडच नाकात भरेल. घाबरून आणखी साल घालू नका. वास एकमेकांत मुरायला वेळ लागतो, आणि बहुतेकींचा धीर इथंच सुटतो.

पिशवी सुतीच हवी. जुन्या धोतराचा किंवा लुगड्याचा मऊ तुकडा सगळ्यात उत्तम. टेरिकॉट, नायलॉन टाळा. घरात हिमरूचं एखादं कातरण असेल तर त्याची वरची पिशवी शिवा, कुणाला द्यायला फार देखणी दिसते. पण पैठणीच्या घडीत ती ठेवू नका, रेशमावर तेलाचा डाग पडला की निघणं कठीण. कपाटातल्या खुंटीला टांगा. आणि कसर लागू नये म्हणून एवढ्यावर विसंबू नका. साड्या अधूनमधून उलगडून त्यांना वारा द्यायलाच हवा.

प्रश्न : रस काढलेल्या अर्ध्या मोसंबीच्या वाटीत दिवा लावता येतो का? — एक वाचक, परतूर

उत्तर : येतो. आतलं सगळं कोरून वाटी पुसून घ्या, तळाशी एक लवंग आणि तेलात बुडवलेली फुलवात ठेवा. तेल निम्म्याच्या वर नको. ताटलीत पाणी घालून त्यात ठेवा आणि तिथून उठताना विझवा. कडा करपू लागल्या की वाटी बदला.

प्रश्न : ताई, आमच्याकडे सीताफळाच्या बिया ढिगानं निघतात. त्या दळून मुलीच्या हस्तकलेसाठी सुगंधी धूप करता येईल का? — एक वाचक, धारूर (जि. बीड)

उत्तर : नाही. पाट्यावर नाही आणि मिक्सरमध्ये तर नाहीच. ही पूड डोळ्यात गेली तर भयंकर आग होते, बुबुळाला इजा होते. उवांसाठी ती डोक्याला लावतात, त्यातूनही डोळे बिघडतात. गेलीच तर भरपूर स्वच्छ पाण्यानं डोळा धुऊन लगेच डॉक्टरांकडे जा. धुपाला लागेल असा वासही या बियांना नाही. अख्ख्या बिया मात्र काळ्याभोर, गुळगुळीत असतात. धुऊन वाळवल्या तर पुठ्ठ्यावर डिंकानं चिकटवून छान नक्षी होते. घरात रांगतं मूल असेल तर तेवढ्या बिया वर ठेवा.