लामेटा, म्हणजे डायनासोरच्या काळातल्या खडकथरांचे जीवाश्म पाहायला पहिल्यांदा निघताय?

खूप छान! हातोडी मात्र घरीच ठेवा. दहापट भिंग, वही आणि कॅमेरा पुरेसा आहे.

आधी थर ओळखायला शिका. वर दख्खनचा काळा बेसाल्ट (थिजलेल्या लाव्हाचा खडक) आणि त्याखाली वालुकाश्म, चुनखडक, चिकणमाती, म्हणजे लामेटा. जबलपूरच्या बारा सिमला टेकडीवर स्लीमन या ब्रिटिश अधिकाऱ्याला 1828 मध्ये डायनासोरची हाडं मिळाली ती याच थरांत. आपल्याकडे वरोऱ्याजवळचं पिसदुरा बघा, पण शेतमालकाला विचारूनच पाऊल टाका. तिथे बोटाएवढे, पिळदार गोळे दिसतील. ती अश्मीभूत विष्ठा! त्यातल्या, गवतात तयार होणाऱ्या सिलिकाच्या सूक्ष्म कणांवरून त्या काळी गवत होतं हे कळलं. मला आजही ते पाहताना थरार वाटतो.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- चुनखडीचा प्रत्येक गोल गोटा अंडं वाटतो. भिंगातून कवचाचा पातळ थर दिसतो का ते बघा. हाडात स्पंजासारखी छिद्रं दिसतात.
- सापडलेली वस्तू खिशात जाते. जागेवरून हलली की ती कुठल्या थरातली, हे कायमचं हरवतं. शेजारी नाणं ठेवून फोटो काढा, जागा टिपा आणि नागपूरच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण कार्यालयाला कळवा.

प्रजातींची नावं सध्या राहू द्या. पहिल्या फेरीत फक्त थर बघा.