पानिपतावर गारद्यांचा तोफखाना असूनही मराठे का हरले?

तोफा कमी पडल्या म्हणून तर नक्कीच नाही. गारदी म्हणजे मराठ्यांचं कवायती पायदळ आणि त्याचा तोफखाना. त्यांचा प्रमुख इब्राहिमखान गारदी फ्रेंच पद्धतीच्या कवायतीत तयार झालेला. १७६० साली उदगीरला निजामाला जेरीस आणण्यात त्याच्या तोफांचा मोठा वाटा होता. मराठ्यांचे सेनापती भाऊसाहेब (सदाशिवराव भाऊ) यांचा त्याच्यावर भरवसा होता तो उगाच नव्हे.

१४ जानेवारी १७६१ च्या सकाळी गारद्यांनी समोरच्या रोहिल्यांची (अब्दालीच्या बाजूने लढणाऱ्या पठाणांची) अक्षरशः दाणादाण उडवली. पण तोफखान्याच्या आडून लढायचं तर घोडदळाने दम धरावा लागतो, आणि इथे तो सुटला. विंचूरकर, गायकवाड या मराठा सरदारांचे स्वार पुढे घुसले, आपलीच माणसं माऱ्यात आली आणि गारद्यांना तोफा थांबवाव्या लागल्या. माझ्या मते डावी बाजू तिथेच हातची गेली.

दुसरी अडचण वजनाची. मराठ्यांच्या मोठ्या तोफा बैलांनी ओढायच्या. अब्दालीने रसद तोडल्यामुळे जनावरं आधीच उपाशी मरत होती, म्हणजे लढाई पुढे सरकली की तोफा मागेच. उलट अब्दालीकडे जंबुरके होते: उंटाच्या खोगिरावर फिरती छोटी तोफ. उंट बसवायचा, बार काढायचा, पुन्हा उठवून पुढे. दुपारी ताज्या राखीव फौजेबरोबर हे उंट आले, तेव्हा सकाळपासून उपाशीपोटी झुंजणाऱ्या हुजुरातीकडे (पेशव्यांच्या खास फौजेकडे) त्याला उत्तरच उरलं नव्हतं.

गारदी मात्र शेवटपर्यंत हटले नाहीत. खुद्द इब्राहिमखान जखमी अवस्थेत पकडला गेला आणि नंतर मारला गेला.