सासरचा वरचा मजला की आईच्या मागची गल्ली?

प्रश्न : काकू, नमस्कार. मी 36 वर्षांची. लग्न झाल्यापासून, म्हणजे अकरा वर्षं, पुण्यात वाकडला आहे. नवऱ्याला आता महिन्यातून दोनदाच ऑफिसला जावं लागतं, माझंही काम घरूनच चालतं, म्हणून कोल्हापूरला परत यायचं ठरवलंय. मुलगी सहा वर्षांची आहे. सासर कसबा बावड्यात. खाली सासू-सासरे, दीर-जाऊ राहतात. सासरे म्हणतात, "वर मजला चढवा, पैसे वाचतील." माझी आई मंगळवार पेठेत एकटी असते. बाबा नाहीत, भाऊ बेंगळुरूला. गेल्या वर्षी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तिच्या मागच्याच गल्लीत एक टू बीएचके विकायला आहे, तो घ्यावा असं मला वाटतं. नवरा म्हणतो, "लोक मला घरजावई म्हणतील." सासूबाई काहीच बोलत नाहीत, त्याचीच जास्त धास्ती वाटते. माझं चुकतंय का?
– एक लेक, पुणे

उत्तर : तुला तूच म्हणते, माझी धाकटी तुझ्याच वयाची आहे. चुकत काही नाही. घर घेताना आपण दर, पाणी, पार्किंग बघितलं असं सांगतो. पण त्याच्या आधी जवळ आपलं कोण आहे ते बघितलेलं असतं. माझे वडील राधानगरीकडचे. त्या काळी खेड्यातल्या पोराला कोल्हापुरात शिकायचं तर शहरात कोणीतरी पाहुणा लागायचा. आमचा कोणीच नव्हता. शाहू महाराजांनी 1901 पासून बोर्डिंगं उभी केली होती, म्हणून वडील शिकले. नोकरी लागल्यावर त्यांनी गंगावेशीजवळ दोन खोल्या घेतल्या आणि मग आमचंच घर बोर्डिंग झालं. चुलतभाऊ, आतेभाऊ, कुणाचा तरी मेव्हणा. त्यातल्या चौघांनी पुढं त्याच दोन गल्ल्यांत घरं केली. मामा तेवढे लालबागला गिरणीत गेले, तर तिथंही एका खोलीत चौदा माणसं आणि सगळी आपल्याच भागातली! तेव्हा आईच्या मागची गल्ली हेरणारी तू काही पहिली नाहीस.

घरजावयाचं आधी मिटवू. सासऱ्याच्या घरात राहून सासऱ्याच्या ताटात जेवतो तो घरजावई. स्वतः हप्ते भरून घेतलेल्या फ्लॅटमध्ये राहणारा माणूस कसला घरजावई? लोक महिनाभर बोलतील. मग गल्लीत दुसरं काहीतरी घडेल.

वरच्या मजल्याबद्दल मात्र मी जरा कडू बोलणार आहे. आमचा वरचा मजला 1989 साली चढला, त्यात माझ्या पीएफचे पैसे गेले. कागद काही केला नाही. घरातल्या घरात कसला कागद, असं सगळेच म्हणाले, मीही म्हणाले. वाटणीच्या वेळी जागा सासऱ्यांच्या नावावर, म्हणून मजलाही सगळ्यांचा झाला. अर्धा गेला. त्याहून वाईट म्हणजे जावेशी सहा वर्षं बोलणं बंद होतं, आणि ती माझी चांगली मैत्रीण होती गं.

म्हणून सांगते. तुमच्या पैशानं मजला झाला तरी प्रॉपर्टी कार्डावर नाव सासऱ्यांचंच राहील. जागा त्यांच्या स्वतःच्या कमाईची असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर त्यांच्या माघारी सासूबाई आणि सगळी मुलं-मुली सारखे वारस. सासऱ्यांना खरंच मनापासून द्यायचं असेल तर मुलाच्या नावानं बक्षीसपत्र करावं. राहत्या घराला त्यासाठी मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे, बाकीचा खर्च दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात विचारा. त्या सवलतीत मुलगा, मुलगी, नातवंडं बसतात. सून बसते ती नवरा वारल्यावर. काय बोलायचं यावर! हे सगळं दिरासमोर बोलायची तयारी असेल तरच वीट रचा. आणि बावड्यातलं घर पंचगंगेपासून किती लांब आहे? राजाराम बंधारा तिथलाच. तिथं नदीची पातळी 39 फुटांवर गेली की इशारा, 43 वर धोका. 2019 आणि 2021, दोन्ही वेळा पाणी 55 फुटांच्या वर गेलं. खालच्या घरात पाणी कुठवर आलं होतं ते जावेला विचार, ती नेमकं सांगेल. फरशी पुसलेली बाई विसरत नाही.

पुरावरून आठवलं. ऑगस्ट 2019 मध्ये माझी नणंद दुधाळीतून चार माणसं आणि एक मांजर घेऊन आमच्याकडं शिवाजी पेठेत आली. आठ दिवस अकरा माणसं एका घरात. नळाला पाणी नाही, कारण उपसा केंद्रंच पुरात होती. पुण्याचा माझा मुलगा एरवी म्हणतो, "आई, मी चार तासांवर आहे." त्या आठवड्यात शिरोलीजवळ महामार्गावर पाणी होतं. तो साताऱ्यापर्यंत आला आणि परत गेला. टँकरच्या रांगेत माझी घागर धरली ती गल्लीतल्या चुलतभावाच्या सुनेनं. तुझ्या आईचा विचार करताना हे असं काहीतरी तुझ्या मनात असणार, आणि ते बरोबरच आहे. मंगळवार पेठ ते बावडा स्कूटरवर वीस मिनिटं. पण रात्री दोन वाजता आई बाथरूममध्ये पडली तर ती वीस मिनिटं फार असतात.

आता तुझ्या पत्रात जे नाही त्याबद्दल. पत्रात सासऱ्यांचं म्हणणं आहे, नवऱ्याचं आहे, सासूबाईंचं न बोलणंसुद्धा आहे. आईला काय हवंय, त्यावर एक ओळ नाही. विचारलंस का तिला?

आम्ही नव्हतं विचारलं. वडील गेल्यावर आईला गंगावेशीच्या घरातून ताराबाई पार्कात बहिणीकडं नेलं. लिफ्ट, मोकळी हवा, खाली बाग. आई रोज दुपारी चारला चप्पल घालून सोफ्यावर बसायची. "कुठं निघालीस?" तर म्हणायची, "कुठं नाही, असंच." चारला गंगावेशीत तिची ओट्यावरची बैठक असायची, ते आम्हा दोघी शिकलेल्या बहिणींच्या डोक्यात यायला चार महिने लागले. परत आणलं तेव्हा शेजारीण दारात आली, बसलीसुद्धा नाही. "बरं झालं आलीस, जातो गं मी," एवढंच. (आपण कोल्हापूरच्या बायका 'जातो'च म्हणतो, वाकडला हसले असतील तुला.) आई त्या रात्री दोन भाकरी जेवली.

आणखी एक, राग मानू नकोस. तू आईला बघायला येतेयस की आईनं तुझ्या मुलीला बघावं म्हणून? दोन्ही असेल, त्यात पाप नाही. पण शाळा सुटल्यावर पोरीला आणायला कोण जाणार, तुम्ही दोघं मीटिंगमध्ये असताना तिला कोण बघणार, हे आधीच ठरव. बदललेल्या गुडघ्यावर सहा वर्षांच्या पोरीमागं धावणं होत नाही, आणि तुझी आई तुला 'नाही' म्हणायची नाही.

माझं मत विचारशील तर आईची गल्ली. पण वाकडचा फ्लॅट इतक्यात विकू नका, इथं वर्षभर भाड्यानं राहून बघा. रविवार बावड्याचा ठेवा, तोही पाहुण्यासारखा जाऊन नव्हे. सकाळी लवकर जायचं, पांढऱ्या रश्श्याचं वाटण तू करायचं. सासूबाईंशी तू एकटीच बोल, नवऱ्याला बरोबर नेऊ नकोस. त्यांचंही माहेर कुठंतरी आहे. त्या गप्प आहेत म्हणजे विरोधातच आहेत, असं धरून चालू नकोस.

आणि हो, तो फ्लॅट कितव्या मजल्यावर आहे ते लिहिलेलं नाहीस. पेठेतल्या जुन्या इमारतींना बऱ्याच ठिकाणी लिफ्ट नसते. दुसऱ्या मजल्यावर लिफ्टशिवाय असेल तर आई तुझ्याकडं येणार कशी? तेवढं आधी बघून ये.