पॉइंट बिलात की विमानात?

प्रश्न : लेक सिडनीला असते, वूलवर्थ्स या सुपरमार्केटच्या वाणसामानावर क्वांटास या विमान कंपनीचे पॉइंट जमवतेय, गणपतीला मालवणला यायचं म्हणून. आता म्हणे स्कीम बदलणार, काय करावं?

उत्तर : ताई, ऐकीव गोष्टीवर घाई नको, पण असं पूर्वी झालंय खरं. २०१५मध्ये वूलवर्थ्सनं क्वांटासचे पॉइंट बंद करायचं ठरवलं, गिऱ्हाइकं भडकली आणि पुढच्याच वर्षी परत आणावे लागले, तेही १० डॉलरच्या सवलतीऐवजी ८७०च. हल्ली वूलवर्थ्सच्या २००० पॉइंटला बिलात १० डॉलर सूट, नाहीतर क्वांटासचे १०००. येणं नक्की असेल तर आत्ताच वळवून घ्या म्हणावं, फक्त क्वांटासच्या खात्यात १८ महिने काहीच हालचाल नसेल तर ते बाद होतात. आणि पॉइंटवरच्या सीटा मोजक्याच, कोकण रेल्वेच्या गणपती बुकिंगसारखं आधीच बघायला सांगा.